हेडफोन घेण्याआधी ग्रॅहम बेल

मागच्या महिन्यात कसाऱ्याचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आमच्या सरकारी रुग्णालयात आले. मुलगा एकोणीस वर्षांचा. रोज लोकलने कल्याणला कॉलेजला जातो. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास आणि तेवढा सगळा वेळ कानात गाणी. रात्री घरी आला की मोबाइलवर मित्रांबरोबर गोळीबाराचा गेम. तक्रार डोकेदुखीची आणि झोप न लागण्याची होती, म्हणून ते माझ्याकडे, म्हणजे फिजिशियनकडे आले होते. बोलता बोलता मुलगा म्हणाला, की दिवा मालवला की कानात बारीक शिट्टी वाजत राहते. मी त्याला कान-नाक-घसा विभागात पाठवले. तिथे ऑडिओमेट्री झाली. आलेखावरची रेषा ४,००० हर्ट्झच्या जागी खड्ड्यात उतरावी तशी खाली गेली होती. दोन्ही कानांत.

खड्डा म्हणजे काय ते मी वडिलांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग मला एक अगदी व्यवहाराचा प्रश्न विचारला. मुलाचा हेडफोन तुटलाच आहे, नवा घ्यायचाच आहे, तर गेमलाही चालेल आणि गाण्यालाही चालेल असा एकच कोणता घ्यावा? दुकानदार दोन वेगवेगळे गळ्यात मारायला बघतो आहे.

डॉक्टरला असे प्रश्न कुणी विचारत नाही. खरे तर विचारायला हवेत. उत्तर देताना माझ्या डोळ्यांपुढे सारखे उभे राहत होते ते अलेक्झांडर ग्रॅहम बेल. शाळेच्या पुस्तकात ते टेलिफोनचे जनक म्हणून भेटतात आणि तिथेच संपतात. पण बेल हे आयुष्यभर कर्णबधिरांचे शिक्षक होते. त्यांची आई बहिरी होती, पत्नी बहिरी होती. आज आपण कानाला लावतो त्या यंत्राचा पडदा, दोन कानांना दोन रिसीव्हर ही कल्पना, ऐकू किती येते हे मोजण्याचे साधन आणि आवाज मोजण्याच्या एककाचे नाव, या सगळ्याचा धागा त्या एका माणसापर्यंत जातो.

जन्म एडिंबराचा, ३ मार्च १८४७. आजोबा आणि वडील दोघेही उच्चारशास्त्राचे शिक्षक. वडील मेलव्हिल बेल यांनी एक चिन्हलिपी तयार केली होती. तिच्यातले प्रत्येक चिन्ह जीभ कुठे लावायची, ओठ कसे ठेवायचे, घसा उघडा की बंद, हे दाखवत असे. आपल्या वर्णमालेत कंठ्य, तालव्य, ओष्ठ्य ही मांडणी हजारो वर्षांपासून असल्याने आपल्याला त्याचे फारसे नवल वाटणार नाही. युरोपात मात्र ती मोठी गोष्ट होती. घरात ध्वनीशिवाय दुसरा विषय नसे. लहानग्या अ‍ॅलेकने आणि त्याच्या भावाने मिळून एक बोलणारे मुंडके बनवले होते. त्यात भाता होता, घसा होता, ओठ होते. पाळलेल्या कुत्र्याला गुरगुरायला शिकवून, त्याचा जबडा हाताने हलवत त्याच्याकडून शब्दांसारखे काही काढून घेण्याचाही उद्योग त्याने केला. आजच्या आईवडिलांनी असा मुलगा डॉक्टरकडे आणला असता.

आई एलायझा चित्रकार होती, पियानो उत्तम वाजवायची, आणि तिला जवळजवळ ऐकू येत नव्हते. बाकीचे लोक तिच्या कानाला लावलेल्या नळीत ओरडत. अ‍ॅलेक तसे करत नसे. तो तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, संथ स्वरात बोलायचा आणि तिला त्याचे बोलणे बऱ्यापैकी कळायचे. आम्ही वैद्यकीय विद्यार्थ्यांना ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवायला शिकवतो, त्यामागचे तत्त्व हेच: कवटीच्या हाडातून कंपने थेट आतल्या कानापर्यंत जातात. हल्ली कानाच्या पुढच्या हाडावर बसणारे ‘बोन कंडक्शन’ हेडफोन मिळतात. कान मोकळा राहतो, रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात, म्हणून चालायला, पळायला जाणाऱ्यांना ते सोयीचे आहेत. पण ते कानाला इजा करत नाहीत असे सांगून विकले जातात, ते खरे नाही. कंपन कानाच्या छिद्रातून जावो की हाडातून, शेवटी पोहोचते एकाच ठिकाणी. आवाज मोठा असेल तर तिथली झीज तेवढीच.

अ‍ॅलेकचे दोन भाऊ क्षयाने गेले, धाकटा १८६७ मध्ये आणि मोठा १८७० मध्ये. उरलेल्या एका मुलाला वाचवायचे म्हणून आईवडिलांनी स्कॉटलंड सोडले आणि कॅनडातल्या ब्रँटफर्ड गावी घर घेतले. तिथून १८७१ मध्ये तरुण बेल बॉस्टनला गेले आणि कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवू लागले. दोन वर्षांत ते बॉस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले. खासगी शिकवण्या चालूच होत्या. त्यांतली एक विद्यार्थिनी मेबल हबर्ड. पाच वर्षांची असताना तिला स्कार्लेट फिव्हर झाला, ती जगली पण ऐकणे कायमचे गेले. प्रतिजैविके येण्याच्या आधीच्या काळात हा ताप अशी किती मुले बहिरी करून गेला असेल! मेबल ओठ वाचून बोलणे समजून घ्यायची. हे वाटते तितके सोपे नाही. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता पार, बार आणि मार असे म्हणून पाहा. ओठांवर तिन्ही एकसारखेच दिसतात.

दिवसा शिकवणी आणि रात्री तारायंत्राचे प्रयोग असा बेल यांचा क्रम होता. १८७४ चा उन्हाळा मात्र माझ्यासारख्या डॉक्टरला सर्वांत जास्त ओढ लावतो. मुलांना स्वतःचा उच्चार डोळ्यांनी दिसावा, म्हणजे त्यांना तो सुधारता येईल, यासाठी बेल यांना आवाजाची रेघ काढणारे यंत्र हवे होते. बॉस्टनचे कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी सुचवले, की कृत्रिम पडदा कशाला, खराच कान वापरा. आणि त्यांनी मृत माणसाचा कान, आतल्या हाडांसकट, काढून दिला. बेल तो घेऊन ब्रँटफर्डला वडिलांच्या घरी गेले. पडद्यामागच्या हाडाला त्यांनी गवताची एक काडी चिकटवली. काडीचे टोक काजळी धरलेल्या काचेवर टेकवले. कानाशी बोलले की पडदा हलायचा, पडद्याने हाडे, हाडांनी काडी, आणि काचेवर नागमोडी रेघ उमटायची. आवाजाचे चित्रच ते.

यातून त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट साधी आहे आणि तिच्यावर पुढचे सगळे उभे आहे. कानाचा पडदा कागदासारखा पातळ, रुंदीला जेमतेम ८ ते १० मिलिमीटर. त्याच्या मानाने हातोडी, ऐरण आणि रिकीब ही हाडे जड. तरी एवढासा पडदा त्यांना हलवतो. मग जरा मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही? आणि लोखंड चुंबकाजवळ हलले तर तारेत त्या हालचालीसारखाच विद्युतप्रवाह का उमटणार नाही? पलीकडच्या टोकाला तोच प्रवाह दुसरा पडदा हलवील, म्हणजे आवाज पुन्हा जन्माला येईल. टेलिफोनची कल्पना त्या उन्हाळ्यात, त्या कानाच्या सोबतीने आकाराला आली.

आज दुकानात मांडलेला बहुतेक प्रत्येक हेडफोन उघडला तर आत हेच सापडेल: चुंबक, तारेचे वेटोळे आणि पातळ पडदा. फक्त उलट दिशेने चालणारा कान. म्हणून ‘५० एमएम ड्रायव्हर’ असे खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेले दिसले तर भारावून जाऊ नये. तो या पडद्याचा व्यास आहे. मोठा पडदा म्हणजे चांगला आवाज असे नाही. चांगल्या घडणीचा लहान पडदा सुमार मोठ्या पडद्याहून सरस ठरतो. दुसरे एक माप ओहममध्ये दिलेले असते. मोबाइलला थेट जोडायचा हेडफोन १६ ते ३२ ओहमच्या आसपासचा असावा. स्टुडिओसाठीचे शेकडो ओहमचे हेडफोन फोनला पुरेसे पेलत नाहीत, आवाज दबका येतो.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक आहे. १४ फेब्रुवारी १८७६ ला पेटंटचा अर्ज, त्याच दिवशी एलिशा ग्रे यांचीही त्याच कार्यालयात नोंद, ७ मार्चला बेल यांना पेटंट आणि १० मार्चला शेजारच्या खोलीतल्या थॉमस वॉटसन यांना यंत्रातून दिलेली हाक. कोर्टकचेऱ्या त्यानंतर कित्येक वर्षे चालल्या. पुढल्या वर्षी जुलैत बेल टेलिफोन कंपनी निघाली आणि दोनच दिवसांनी बेल यांनी मेबलशी लग्न केले. लग्नाची भेट म्हणून स्वतःच्या वाट्याचे दहा सोडून बाकी सगळे शेअर त्यांनी तिच्या नावावर केले. ज्या यंत्राने जग एकमेकांशी बोलू लागले, त्याची मालकीण ते यंत्र कधीच ऐकू शकणार नव्हती. टेलिफोन आपल्याकडेही लवकर आला. मुंबईत १८८२ मध्येच एक्स्चेंज सुरू झाले.

आता गेमचा विषय येतो, आणि तोही बेल यांच्याकडूनच. टेलिफोन एका कानाला लावायचा. पण दोन्ही कानांना वेगवेगळे रिसीव्हर लावले तर? दोन कानांनी ऐकण्यावर त्यांनी प्रयोग केले आणि १८८० मध्ये ते कानाच्या विकारांवरच्या एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. प्रश्न असा होता, की आवाज कुठल्या दिशेने आला हे माणसाला कसे कळते आणि दोन तारांतून पाठवलेल्या आवाजातही ते कळेल का? दुसऱ्याच वर्षी पॅरिसच्या वीजप्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेरा हाउसच्या रंगमंचावर ठिकठिकाणी ट्रान्समीटर बसवले. दूर प्रदर्शनाच्या दालनात लोक दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर लावून उभे राहिले. गायक डावीकडून उजवीकडे चालत गेला तर ऐकणाऱ्यालाही तो चालत गेल्यासारखा वाटे. आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो, त्याची ती पहिली जाहीर मैफल.

यामागचे शरीरशास्त्र सुरेख आहे. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानावर आधी पोहोचतो, उजव्यावर नंतर. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. शिवाय डोक्याची आडकाठी असल्याने पलीकडच्या कानात चढे स्वर जरा क्षीण होऊन जातात. पुढून की मागून हे कानाच्या पाळीच्या वळणांवरून आणि नकळत मान वळवून ठरते. शत्रू जिन्यावर आहे की खिडकीमागे, हे गेम खेळणारा मुलगा याच यंत्रणेने ओळखतो.

मग ‘७.१ सराउंड’ असे छापलेल्या गेमिंग हेडसेटचे काय? त्यांतल्या बहुतेकांत पडदे दोनच असतात, एका कानाला एक. बाकीची जादू सॉफ्टवेअरची. आणि त्यात फसवणूक आहे असेही नाही, कारण कानही दोनच आहेत. गेमला ते सॉफ्टवेअर चालू ठेवावे आणि गाणे ऐकताना बंद करावे, कारण गाण्याचे मिश्रण मुळात डावा-उजवा अशा दोनच वाटांसाठी केलेले असते. त्याला कृत्रिम खोली दिली की गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो. म्हणजे वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की एकच चांगला स्टिरिओ हेडफोन दोन्हीला पुरतो. गेमिंगच्या नावाखाली लाल-निळे दिवे आणि धडधडणारा बास विकला जातो, त्याची किंमत वेगळी मोजू नये.

बासबद्दल थोडे जास्त बोलायला हवे. आतल्या कानातली रचना अशी आहे, की खर्जातला मोठा आवाज त्याच्यावरच्या स्वरांना झाकून टाकतो; उलट तितकेसे होत नाही. बास फुगवलेल्या हेडफोनमध्ये स्फोट दणकेबाज वाटतो, पण त्याच क्षणी पावलांची चाहूल बुडते. गाण्यातही बायाँ घुमतो आणि तानपुरा नाहीसा होतो. मग ऐकणारा काय करतो? आवाज वाढवतो. म्हणून दुकानात जाताना फोनमध्ये आपल्या कानाला पाठ असलेले एखादे गाणे न्यावे, तबला, तानपुरा आणि आवाज असे सगळे असलेले. ते लहान आवाजात लावून पाहावे. मोठ्या आवाजात कुठलाही हेडफोन बरा वाटतो. लहान आवाजात तानपुऱ्याची तार सुटी ऐकू आली, तर तो पावलांची चाहूलही ऐकवील.

बिनतारी की वायरचा, हा दुसरा वाद. ब्लूटूथमध्ये आवाज पोहोचायला शे-दोनशे मिलिसेकंद उशीर होऊ शकतो. गाण्याला काही बिघडत नाही. गेममध्ये मात्र गोळी लागून गेल्यावर आवाज येतो. दोन्हीसाठी एकच घ्यायचा तर वायरचा घ्यावा, स्वस्तही पडतो. फोनला गोल छिद्र नसेल तर टाइप-सीचा जोड मिळतो. बिनतारीच हवा असेल तर यूएसबी डोंगल असलेला, म्हणजे उशीर जाणवत नाही.

कानात खुपसायचा की कानावर बसणारा? कसारा-शहापूरकडच्या पावसाळ्यात चार महिने हवा ओली असते. रबरी टोकाचे इअरफोन तासन्‌तास कानात राहिले की आत घाम, बुरशी, खाज. मळ आत ढकलला जातो तो वेगळाच. मित्रामित्रांत एकच इअरफोन फिरतो, तेही आम्ही बघतो. घरी खेळायला पूर्ण कान झाकणारा, वजनाला पाव किलोच्या आसपासचा हेडफोन मला बरा वाटतो. वजनाच्या बाबतीत आपण सुखी आहोत. सुरुवातीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर खांद्यावर साडेचार किलोच्या आसपासचे यंत्र पेलत. दोन्ही कानांवर बसणारा सुटसुटीत हेडफोन १९१० मध्ये अमेरिकेतल्या नेथॅनिएल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात बनवून तिथल्या नौदलाकडे पाठवला.

आता मुलाच्या आलेखाकडे येतो. तो ज्या यंत्राने काढला, त्या ऑडिओमीटरचे एक आरंभीचे रूप बेल यांनीच १८७९ मध्ये तयार केले. लग्नाला दोन वर्षे झाली होती, पैसा येत होता, पण लक्ष पुन्हा बहिऱ्या मुलांकडेच. किती मुले पूर्ण बहिरी आणि किती अर्धवट ऐकणारी हे मोजल्याशिवाय कळणार कसे? ज्यांना थोडेफार ऐकू येते अशी मुलेही त्या काळी पूर्ण बहिरी समजली जात. पुढे त्यांच्या नावावरून ‘बेल’ आणि त्याचा दहावा भाग ‘डेसिबेल’ हे एकक त्यांच्या मृत्यूनंतर, १९२० च्या दशकात, टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी रूढ केले.

डेसिबेलचा हिशेब किराणा दुकानासारखा सरळ नाही, आणि तिथेच लोक फसतात. ३ डेसिबेल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबेलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. दर ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी होत जाते. ९० डेसिबेलला आठवड्याचे ४ तास उरतात, १०० डेसिबेलला २० मिनिटे. आमचा मुलगा लोकलमध्येच आठवड्याला १५ तास ऐकतो, तेही खडखडाटावर मात करण्याइतके मोठ्याने. शिवाय रात्रीचा गोळीबार. तो आवाज एकसारखा नसतो, क्षणात उसळतो, त्यामुळे आवाजाचा काटा मधोमध दिसला तरी उसळ्या वरच जातात.

आतल्या कानात, गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत, सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचा झुबका. मोठ्या आवाजाने त्या वाऱ्याने लोळलेल्या भातासारख्या आडव्या होतात. सुरुवातीला पुन्हा उभ्या राहतात. मैफलीनंतर कान बधिर होऊन सकाळी मोकळे होतात ते त्यामुळे. रोज तेच झाले की मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला फटका बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास बसतो आणि स, श, फ, च यांसारख्या व्यंजनांची ओळख त्या वरच्या पट्ट्यावर पुष्कळ अवलंबून असते. म्हणून सुरुवातीला माणूस तक्रार करतो, की आवाज येतो पण शब्द कळत नाही. कानातली शिट्टी बऱ्याचदा त्याच्याही आधी येते.

लोकलसाठी मग बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन हवा. कप बंद असलेला किंवा नॉइज कॅन्सलेशनवाला. बाहेरचा आवाज कमी झाला की आतला वाढवावा लागत नाही. मागून उघडे असलेले महागडे हेडफोन घरच्या शांततेत छान, लोकलमध्ये बिनकामाचे. एकच बड कानात घालण्याची जी सवय पसरली आहे तीही महाग पडते, कारण दोन्ही कानांनी ऐकले की तोच आवाज मेंदूला जास्त मोठा वाटतो. एका कानाने ऐकणारा काटा वर नेतोच. पण नॉइज कॅन्सलेशन लावून रूळ ओलांडायचे नाहीत. कसाऱ्याला घाट चढवण्यासाठी गाड्यांना मागून बँकर इंजिने लागतात, सतत शंटिंग चालू असते, आणि लोक पुलाऐवजी रुळांवरूनच जातात. हेडफोन तिथे गळ्यात, कानावर नाही.

बेल यांच्या आयुष्यात परत जाऊ. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात कुठे अडकली ते कळेना. क्ष-किरण अजून चौदा वर्षे दूर होते. बेल यांनी घाईघाईने धातू शोधणारे यंत्र जुळवले, त्याची गुणगुण ते टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून ऐकत. पलंगाच्या गादीतल्या लोखंडी स्प्रिंगांनी गोंधळ केला, आणि डॉक्टरांनी गोळी ज्या बाजूला आहे असे ठरवले होते त्याच बाजूला शोधू दिले. गोळी दुसरीकडे होती. अध्यक्ष सप्टेंबरात जंतुसंसर्गाने गेले. त्याच काळात बेल दांपत्याचे नवजात बाळ श्वास न घेता आल्याने दगावले, आणि बेल यांनी त्या दुःखात छातीभोवती बसवायचे श्वास देणारे जाकीट बनवले. पुढे पोलिओच्या साथींत वापरले गेलेले आयर्न लंग याच जातीचे. त्यांच्याच प्रयोगशाळेत मेणाच्या नळकांड्यावर आवाज कोरणारे ग्रॅफोफोनही तयार झाले. गाणे विकत घेऊन घरी ऐकण्याचा धंदा उभा राहण्यात त्याचा वाटा आहे.

पण या माणसाबद्दल सगळे गोड लिहिले तर ते खोटे होईल. बहिऱ्या मुलांनी बोललेच पाहिजे, ओठच वाचले पाहिजेत, हातवाऱ्यांच्या भाषेने ती समाजापासून तुटतात, असे बेल यांचे ठाम मत होते. १८८३ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला. बहिरी माणसे आपसांत लग्ने करतात, त्यामुळे माणसांची एक बहिरी जातच तयार होईल, अशी भीती त्यात होती. लग्नांना कायद्याने बंदी घालणे व्यवहार्य नाही असे ते म्हणाले, पण बहिऱ्यांच्या निवासी शाळा आणि बहिरे शिक्षक कमी करावेत असे सुचवले. बहुसंख्य बहिऱ्या मुलांचे आईवडील ऐकणारे असतात, ही गोष्ट त्या भीतीत हरवली. त्यांच्या वजनामुळे अनेक शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. मुलांचे हात बांधून ठेवण्यापर्यंत मजल गेली. मुंबईत माझगावला १८८० च्या दशकात निघालेली आपल्याकडची पहिली शाळाही तोंडी पद्धतीचीच. आज आपण जाणतो, की खुणांची भाषा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे आणि लहान वयात कुठलीच भाषा न मिळणे हे बहिरेपणापेक्षा मोठे नुकसान आहे.

मला वाटते, बेल यांना ते दिसले नाही याचे कारण मेबल. ती सुखवस्तू घरातली होती, पाच वर्षांची होईतो भाषा ऐकलेली होती, बुद्धिमान होती. तिला जमले म्हणजे सगळ्यांना जमेल असे त्यांनी धरले. एका रुग्णावरून सगळ्यांचा निष्कर्ष काढण्याची ही चूक आम्ही डॉक्टरही करतो, रोज करतो. आणि याच बेल यांच्याकडे १८८६ मध्ये अलाबामाहून एक बाप आपल्या आंधळ्या-बहिऱ्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला, तेव्हा त्यांनी तिला मांडीवर घेतले, आपले घड्याळ तिच्या हातात दिले आणि बापाला पर्किन्स संस्थेचा रस्ता दाखवला. तिथून अ‍ॅन सुलिव्हान आली. ती मुलगी हेलन केलर. तिने आपले आत्मचरित्र बेल यांना अर्पण केले आहे. मुलीच्या तळहातावर बोटांनी अक्षरे काढूनच ती शिकली.

उतारवयात बेल नोव्हा स्कोशियातल्या बॅडेक गावी राहिले. विमाने, पतंग, पाण्यावर उचलून धावणाऱ्या होड्या असले उद्योग चालूच होते. स्वतःच्या अभ्यासिकेत मात्र त्यांनी टेलिफोन ठेवला नव्हता. कामात व्यत्यय येतो म्हणून. मधुमेह होता, रक्तक्षय होता. २ ऑगस्ट १९२२ ला ते गेले. टोरांटोत माणसाला पहिले इन्सुलिन त्याच वर्षाच्या जानेवारीत टोचले गेले होते. शेवटच्या रात्री मेबल त्यांचा हात धरून बसली होती. दोन दिवसांनी दफनविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतले सगळे टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. पाच महिन्यांनी मेबलही गेली.

कसाऱ्याच्या त्या गृहस्थांनी अखेर वायरचा, बंद कपाचा, माइक असलेला साधा हेडफोन घेतला. दुसरा घेतला नाही. मुलाच्या फोनमध्ये आवाजाची मर्यादा आम्ही ओपीडीतच लावून दिली. पासवर्ड वडिलांकडे आहे, त्यावर मुलगा रुसला आहे. लोकलमध्ये जाताना गाणी आणि येताना झोप, असा त्याने तडजोडीचा मार्ग काढला आहे म्हणे. शिट्टी अजून आहे. सहा महिन्यांनी पुन्हा ऑडिओमेट्रीला बोलावले आहे.